सुरक्षिततेचा हप्ता कुणी भरायचा?

२०२५च्या गणपतीत भाचा आरतीला आला, तो गाड्यांची चार-पाच माहितीपत्रकं काखोटीला मारूनच. धायरीहून आमच्या कोथरूडच्या घरी तो, त्याची बायको आणि दोन मुलं असे चौघेही एकाच दुचाकीवरून आले होते. धाकटी पुढे उभी, थोरला आईबाबांच्या मध्ये. वाटेत पावसाची सर आली, त्यामुळे चौघेही निम्मेशिम्मे भिजलेले. आरती झाली, मोदक झाले आणि माहितीपत्रकं जाजमावर पसरली गेली. "मामा, यंदा दसऱ्याला गाडी घ्यायचीच," भाचा म्हणाला, "फक्त पाचाच्या आत बसायला हवी."

आपल्याकडे मुलीचं स्थळ आणि गाडी या दोन विषयांवर सल्ला द्यायला कुणाला अनुभवाची गरज लागत नाही. थोरल्या भावाने ॲव्हरेजची चौकशी केली. वहिनींना पांढरा रंग नको होता, मळतो म्हणून. शेजारच्या काकांनी विकायला काढली तर भाव किती येईल, हे आधी बघायला सांगितलं. भाच्याच्या मुलाला मोठा पडदा हवा होता, गाणी दिसणारा. अर्धा तास हे चाललं होतं. एवढ्यात आमची सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, धडक बसली तर आतल्या माणसांचं काय होतं, ते कुठे लिहिलंय का यात?"

घरात एकदम शांतता पसरली. तिने तो प्रश्न का विचारला, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत जास्त मला.

बासष्ट हजारांची बचत

२०१२ साली मी माझी पहिली नवी कोरी गाडी घेतली. तोवर स्कूटर आणि मग एक जुनी, तिसऱ्या हाताची मोटार एवढीच आमची मजल. विक्रेता मुलगा मोठा चुणचुणीत होता. त्याने सांगितलं, एअरबॅग हव्या असतील तर सर्वांत वरचं मॉडेल घ्यावं लागेल. ते बासष्ट हजारांनी महाग होतं. कारण एअरबॅगच्या जोडीला त्यात मिश्रधातूची चाकं, धुक्यातले दिवे, मागच्या काचेचा वायपर अशी सगळी वरात होती. मी विचारलं, नुसत्या एअरबॅग नाही मिळणार? तो हसला. "काका, तुम्ही चालवणार शहरात. इथे चाळीसच्या वर गाडी जाते कुठे?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं. वाचलेल्या पैशांतून मी आसनांना चामड्याची आवरणं चढवली आणि गाण्यांची चांगली यंत्रणा बसवून घेतली.

जुलै २०१४. साताऱ्याहून परत येताना खंबाटकी घाट उतरल्यावर उलट्या दिशेने एक टेम्पो समोर आला. वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास असेल. दोघांनीही पट्टे लावले होते, म्हणून आज हा लेख लिहायला मी आहे आणि तो वाचून चुका काढायला ती आहे. पण पट्टा छातीला धरून ठेवतो. मान आणि हात पुढे जायचे ते जातातच. तिचा जबडा समोरच्या फळीवर आपटला आणि आधारासाठी पुढे केलेलं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे जबडा तारांनी बांधलेला. मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली. आजही तिला कणीक तिंबता येत नाही. ते काम माझ्याकडे आहे. एअरबॅग असती तर यातलं काहीच झालं नसतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गाण्यांची यंत्रणा मात्र धडकेनंतरही चालू होती. ते गाणं बंद करायला माझा हात पोचत नव्हता, हे मला अजून आठवतं.

पन्नासचा वेग म्हणजे काय, याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणारा माणूस जमिनीला लागतो, तो साधारण याच वेगाने. गाडी थांबते, पण आतल्या देहाला ते कळत नाही. तो आपला पन्नासच्याच वेगाने पुढे निघालेला असतो. त्याला थांबवायला पट्टा असतो. डोकं आणि छाती कशावर तरी आदळण्याआधी मऊ गादी पुढे करायला एअरबॅग असते, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगणारी. आणि हे सगळं घडायला जागा उरावी, म्हणून गाडीचा सांगाडा भक्कम लागतो. पुढचं नाक चुरगळलं तरी चालेल, माणसांची खोली शाबूत राहायला हवी. सुरक्षिततेचं सगळं शास्त्र थोडक्यात एवढंच आहे.

स्वस्ताईचं स्वप्न

आता थोडं मागे जाऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्याआधी मोटार म्हणजे फियाट नाहीतर ॲम्बॅसिडर, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीसुद्धा तेव्हा वर्षं मोजावी लागत. त्या दिवसांत गाडी सुरक्षित आहे का, हा प्रश्न कुणाला सुचलाच नाही. गाडी मिळाली, हेच खूप होतं. तीन ठिकाणी टेकवून बांधणारा पट्टा स्वीडनमधल्या नील्स बोलीन या अभियंत्याने १९५९ साली तयार केला होता आणि व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्या जगाला खुलं केलं होतं. आपल्याकडे पुढच्या दोन आसनांना पट्टे बसवणं सक्तीचं झालं, ते १९९४ साली. म्हणजे मधे पस्तीस वर्षं गेली.

जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो पुढे आणली. पावसात स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या चित्रात आपण सगळेच होतो, म्हणून ते आपल्याला भावलं. लाखाची गाडी! हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. पण लाखात बसवायचं म्हणजे काहीतरी वगळावं लागणार, हेही उघड होतं.

ते काय वगळलं जातं, हे जानेवारी २०१४मध्ये सगळ्या देशाला दिसलं. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतल्या पहिल्या तिघींचे सांगाडेच इतके कमकुवत ठरले, की नुसत्या एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग होणार नाही, असं परीक्षकांनी म्हटलं. पोलोचं मात्र वेगळं होतं. ती आपल्या चाकणची. तिचा सांगाडा टिकला होता. दोन एअरबॅग लावून तीच गाडी पुन्हा आदळवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. कंपनीने बिन-एअरबॅगची पोलो विकणंच थांबवलं आणि किंमत वाढवली ती तीन टक्क्यांच्या आत.

ही बातमी मी तेव्हा सकाळच्या चहाबरोबर वाचली होती. वाचली आणि घडी घालून पेपर बाजूला ठेवला. पुढे सहाच महिन्यांनी तो टेम्पो आला.

नियम आले, किमती चढल्या

त्यानंतर मात्र नियम भराभर आले. १ ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना आणि दोन वर्षांनी सगळ्याच गाड्यांना समोरून आणि बाजूने धडक देऊन घेतलेल्या चाचणीत उतरणं सक्तीचं झालं. त्यातली समोरची धडक ताशी ५६ किलोमीटरची. ६४ आणि ५६ हा फरक आठाचाच वाटतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे चाचणी जवळजवळ तेवीस टक्क्यांनी सौम्य. तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. एप्रिल २०१९पासून सगळ्या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आली. जुलै २०१९पासून चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी, वेग वाढल्याचा इशारा आणि मागे घेताना वाजणारं यंत्र आलं. २०२२ उजाडेपर्यंत शेजारच्या प्रवाशालाही एअरबॅग मिळाली.

काही जुन्या गाड्या या चाळणीतून खाली गळल्या. शाळेच्या पोरांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना वाहून नेणारी ओम्नी २०१९मध्ये बंद झाली. तिच्यात चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नव्हतंच. नॅनोचीही निर्मिती त्याच सुमारास थांबली. दुसरीकडे, आपल्याकडची गाडी भक्कम होऊच शकत नाही, हा समज पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनने डिसेंबर २०१८मध्ये पाच तारे मिळवून खोटा ठरवला.

पण या सगळ्यात किमती वाढल्या, हेही खरं. आणि इथेच वादाला तोंड फुटतं. मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी हा मुद्दा अनेकदा मांडला आहे. त्यांचं म्हणणं असं, की नियमांमुळे लहान गाडी महाग होते, सामान्य माणसाला परवडत नाही आणि मग तो दुचाकीवरच राहतो. दुचाकी तर त्याहून धोक्याची. उलट बाजूने रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२२ साली सांगितलं, की एका एअरबॅगचा खर्च सुमारे आठशे रुपये. परदेशी जाणाऱ्या गाड्यांत सहा एअरबॅग आणि इथल्या गरिबाच्या गाडीत का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२मध्ये निघाला, मग एक वर्ष पुढे ढकलला गेला आणि सप्टेंबर २०२३मध्ये सक्ती करणार नाही, असं मंत्र्यांनीच सांगितलं. त्याआधी ऑगस्टमध्ये ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारे देणारी चाचणी सुरू झाली, पण गाडी त्या चाचणीला पाठवायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर.

भार्गवांचा मुद्दा मला सहजासहजी झटकून टाकता येत नाही. वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची साडेचव्वेचाळीस टक्के, पायी चालणारी साडेएकोणीस टक्के आणि मोटारीतली साडेबारा टक्के. म्हणजे ज्याला आपण गाडीवाला म्हणतो, तो मृतांच्या यादीत बराच खाली आहे. माझ्या भाच्याची दोन पोरं दुचाकीवरून उतरून कुठल्याही चार भिंतींच्या गाडीत बसली, तरी आधीपेक्षा बरीच सुरक्षित होतील. मग तीस हजारांसाठी ती गाडी त्यांच्या हातून निसटली, तर त्या नियमाने त्यांचं भलं केलं की वाईट?

पण याच युक्तिवादाने माझ्या गळ्यात ते २०१२चं मॉडेल बांधलं होतं. ‘परवडत नाही’ या शब्दाखाली पुष्कळ गोष्टी खपवल्या जातात.

पैसा नेमका जातो कुठे?

म्हणून त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ढोबळ हिशेब, पण डोळे उघडणारा. शोरूममध्ये चार लाखांना मिळणारी पेट्रोलवरची लहान गाडी घेऊ. तेव्हा तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर होता. म्हणजे मूळ किंमत सुमारे तीन लाख दहा हजार आणि नव्वद हजार कराचे. त्यावर आपल्या महाराष्ट्रात अकरा टक्के रस्ता कर, म्हणजे आणखी चव्वेचाळीस हजार. एकूण एक लाख चौतीस हजार रुपये सरकारजमा. शिवाय सप्टेंबर २०१८पासून त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा तीन वर्षांचा एकदमच भरावा लागतो, तो वेगळा. धूर कमी करण्याच्या २०२०च्या नियमांचा खर्चही याच किमतीत मिसळलेला.

आता सुरक्षितता. मार्च २०२५मध्ये अल्टो के-टेनच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या. किंमत वाढली ती पंधरा हजारांच्या आसपास. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून सरकारने लहान गाड्यांवरचा कर एका फटक्यात अठरा टक्क्यांवर आणला. माझ्या हिशेबातली चार लाखांची गाडी त्याने चौतीस हजारांनी स्वस्त झाली. म्हणजे कराच्या एका निर्णयात सहा एअरबॅग दोनदा बसवता येतील, एवढे पैसे सुटले. इतकी वर्षं गाडी महाग झाली म्हणून आपण बोट दाखवत होतो ते एअरबॅगकडे. आणि सर्वांत मोठा घास घेणारा मात्र शेजारी गप्प बसला होता.

माझ्या मते हप्त्याची वाटणी अशी असावी. सांगाडा, पट्टे, एबीएस आणि एअरबॅग या गोष्टी सर्वांत खालच्या मॉडेलातही असल्याच पाहिजेत. त्या वरच्या मॉडेलात कोंडून चाकं-दिव्यांबरोबर विकणं, हे मला पाणी फक्त पंगतीच्या पहिल्या रांगेत वाढण्यासारखं वाटतं. पैसे वाचवायचे तर पडद्यात वाचवा, छताच्या काचेत वाचवा. सरकारने लहान गाडीवर कर घेताना हे लक्षात ठेवावं, की तो जीव वाचवणाऱ्या सामानावरही बसतो. आणि ज्याला एवढं करूनही गाडी परवडणार नाही, त्याच्यासाठी वेळेवर येणारी बस हवी, चालायला पदपथ हवा. सगळ्या देशाला मोटारीत बसवणं ना शक्य, ना शहाणपणाचं.

राहता राहिलो आपण

आपल्या वाट्याचा हप्ता मात्र पैशांचा नाही, आणि नेमका तोच आपण बुडवतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचं अपघाती निधन झालं. गाडी महागडी होती, सगळ्या सोयींची होती. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्याच वर्षी पट्टा न लावल्याने देशात १६,७१५ माणसं मेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी प्रवासी होती. मागे बसलं की पट्टा नको, हा समज घरोघरी आहे. पट्ट्याची घंटी वाजू नये म्हणून खोबणीत अडकवायची खोटी क्लिप बाजारात मिळत होती. मे २०२३मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायचे आदेश द्यावे लागले. पट्टा गाडीतच असतो, फुकट असतो. तो टाळण्यासाठी आपण पदरचे पैसे खर्चून क्लिप आणली! आणि पट्टा न लावता एअरबॅगवर जाऊन आदळलं, तर तीच इजा करू शकते, हे कुणी सांगत नाही.

आम्हा पुणेकरांनी तर याहून कडी केली आहे. हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन करणारं गाव आमचंच. आणि गंमत अशी, की देशातल्या वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आमच्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. रोज पहाटे आम्ही तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातो, रक्तदाब आणि साखर यांवर चर्चा करतो आणि खाली येऊन उघड्या डोक्याने स्कूटरला किक मारतो.

भाच्याने दसऱ्याला गाडी घेतली. कर उतरेपर्यंत तो थांबला होता. सहा एअरबॅगची, साध्या लोखंडी चाकांची, पडदा नसलेली. मुलगा थोडा हिरमुसला. पेढे द्यायला आले, तेव्हा आमच्या सौ.ने मागचं दार उघडलं, दोन्ही मुलांना बसवलं आणि डाव्या हाताने एकेकाचा पट्टा खट्कन लावून दाखवला. धाकटीला पट्टा गळ्याशी येत होता. "हिला लहान मुलांचं आसन लागेल," ती म्हणाली. भाच्याने मान डोलावली आणि तेही आठवड्याभरात आणलं.

त्यानंतरच्या सोमवारी तो सकाळी काही कागद घ्यायला आला, तो दुचाकीवरूनच. गाडी रविवारपुरती, कामावर जायला पेट्रोल आणि पार्किंग परवडत नाही. हेल्मेट आरशाला लटकत होतं. मामीने कागद त्याच्या हातात दिले, पण पाकिटाचं दुसरं टोक सोडलं नाही.

"सहा पिशव्या घेतल्यास ना? आता हे एक डोक्यावर घाल."

त्याने हसून हेल्मेट घातलं, पट्टीही लावली. आम्ही दोघं गॅलरीत उभे राहून बघत होतो. कोपऱ्यापर्यंत तरी ते डोक्यावर होतं.